यकृताचे यंत्र नंतर, आधी प्लाझ्मा

महोदय,

‘आता यकृताचेही डायलिसिस’, ‘कृत्रिम यकृतामुळे प्रत्यारोपण टळले’ अशा अर्थाचे मजकूर हल्ली व्हॉट्सअॅपवर सतत फिरत असतात. त्यामुळे सांगली-मिरजेत कावीळ झालेला रुग्ण बरळू लागला, की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ‘ते मशीन कुठे आहे?’ हाच असतो. अतिदक्षता विभाग, डायलिसिस आणि रक्तकेंद्र अशा तीन ठिकाणी काम करणाऱ्या आम्हा काही जणांना हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून सुरू होतो असे वाटते. पत्र लांबेल, पण तपशील गाळला तर ते लिहिण्यात अर्थ नाही.

डायलिसिस म्हणजे गाळणे. मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा युरिया पाण्यात सुटा विरघळलेला असतो, म्हणून तो जाळीतून सहज निघून जातो. यकृताच्या आजारात साचणारे बिलिरुबिन आणि पित्ताम्ले सुटी नसतात, ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेली असतात. अल्ब्युमिन आकाराने मोठे, डायलिसिसच्या नेहमीच्या जाळीतून ते जात नाही आणि त्याला चिकटलेली घाणही मागेच राहते. ही झाली पहिली अडचण. दुसरी त्याहून मोठी. यकृत ही नुसती गाळणी नाही, तो कारखाना आहे. रक्त गोठवणारे घटक, अल्ब्युमिन आणि उपाशीपोटी लागणारी साखर तिथे तयार होते, अमोनियाचा युरियाही तिथेच होतो. आज बाजारात असलेले कोणतेही यंत्र हा कारखाना चालवत नाही. यंत्र फार तर कचरा उचलते.

कचरा उचलण्याची सर्वांत प्रसिद्ध तऱ्हा म्हणजे ‘मार्स’. जर्मनीतल्या रोस्टॉक विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती विकसित झाली. कल्पना चांगली आहे: जाळीच्या एका बाजूला रुग्णाचे रक्त, दुसऱ्या बाजूला बाहेरून आणलेले अल्ब्युमिन. रुग्णाच्या अल्ब्युमिनला चिकटलेली द्रव्ये जाळी ओलांडून या ताज्या अल्ब्युमिनकडे जातात. मग ते अल्ब्युमिन आधी साध्या डायलिसिसमधून, नंतर कोळशाच्या आणि रेझिनच्या (घाण धरून ठेवणाऱ्या कृत्रिम कणांच्या) नळकांड्यातून फिरवून पुन्हा वापरले जाते. एका सत्राला २० टक्के अल्ब्युमिन सुमारे ६०० मिलिलिटर लागते, म्हणजे १०० मिलिलिटरच्या ६ बाटल्या. सत्र ६ ते ८ तासांचे, आणि एका सत्राने भागत नाही. ‘प्रोमिथियस’ पद्धतीत रुग्णाचे स्वतःचेच अल्ब्युमिन वेगळे काढून रेझिनवर धुतले जाते. ज्यांच्याकडे यातले काहीच नसते ते सीआरआरटीच्या (संथपणे, सलग चालणाऱ्या डायलिसिसच्या) द्रावणात अल्ब्युमिन मिसळून एकदाच वापरून टाकून देतात. पण त्यात बाटल्यांचा हिशेब फार वाढतो: ३ टक्क्यांचे द्रावण ताशी १ लिटरने १० तास चालवले तर ३०० ग्रॅम अल्ब्युमिन, म्हणजे १५ बाटल्या नाल्यात.

एवढे करून रुग्ण वाचतात का? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हेलिओस’ चाचणीत प्रोमिथियस १४५ रुग्णांवर तपासले गेले आणि २०१३च्या ‘रिलीफ’ चाचणीत मार्स १८९ रुग्णांवर. दोन्हींत एकूण रुग्ण पाहता जगण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. बिलिरुबिन मात्र उतरले. फ्रान्समधल्या १०२ रुग्णांच्या चाचणीचा निकालही तसाच लागला, पण तिथली एक गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यातल्या बहुतेकांना इतक्या लवकर यकृत मिळाले (मध्यक सुमारे १६ तास), की यंत्राला काही करून दाखवायला वेळच उरला नाही. आपल्याकडे सोळा तासांत कधी कधी ॲम्ब्युलन्स आणि खाट यांचीच गाठ पडत नाही. जिवंत पेशी भरलेल्या यंत्रांचेही प्रयोग झाले, कुणी डुकराच्या यकृतपेशी वापरल्या, कुणी मानवी यकृताच्या गाठीतून वाढवलेल्या पेशी. मोठ्या चाचण्यांत तीही कसाला उतरली नाहीत.

फरक दिसला तो एका जुन्या, दिसायला साध्या उपायात: प्लाझ्मा बदलणे, म्हणजे प्लाझ्मा एक्स्चेंज. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, कोपनहेगन, लंडन आणि हेलसिंकी इथल्या १८२ रुग्णांच्या चाचणीत अचानक यकृत निकामी झालेल्यांचा प्लाझ्मा सलग ३ दिवस मोठ्या प्रमाणात बदलला गेला. त्या गटातले ५८.७ टक्के रुग्ण घरी गेले, नेहमीचे उपचार मिळालेल्यांतले ४७.८ टक्के. ज्यांचे प्रत्यारोपण झाले नाही त्यांनाच याचा मुख्य फायदा झाला. कारण उघड आहे. इथे नुसता कचरा निघत नाही, दात्याच्या प्लाझ्मातून रक्त गोठवणारे घटकही मिळतात. कारखाना बंद असताना बाहेरून तयार माल आणण्यासारखे आहे हे. वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हेच तंत्र कमी प्रमाणात, म्हणजे परवडेल अशा बेताने, उंदीर मारण्याच्या पेस्टमुळे यकृत गेलेल्या रुग्णांवर वापरले आहे. सांगली-साताऱ्याला कोपनहेगनपेक्षा वेलोरचा धडा अधिक जवळचा.

म्हणून प्लाझ्माचा हिशेब मांडतो. रुग्णाच्या अंगातला प्लाझ्मा लिटरमध्ये काढायचा तर वजनाला ०.०६५ने गुणायचे आणि त्याला रक्तपेशींचे प्रमाण (हिमॅटोक्रिट) वजा जाता उरलेल्या भागाने गुणायचे. ६० किलो वजन, हिमॅटोक्रिट ३५ टक्के असेल तर ६० × ०.०६५ × ०.६५ म्हणजे साधारण २.५ लिटर. हा झाला एका वेळचा बदल. शिबिरात बहुधा ३५० मिलिलिटरची पिशवी भरतात, तिच्यातून १५० ते १८० मिलिलिटर प्लाझ्मा निघतो. म्हणजे एका सत्राला साधारण १५ पिशव्या, तीन दिवसांना ४५. युरोपातल्या चाचणीप्रमाणे वजनाच्या १५ टक्के बदलायचे ठरवले तर रोज ९ लिटर, म्हणजे पन्नासहून जास्त पिशव्या. कोणत्याही एका रक्तकेंद्रावर हा भार टाकता येत नाही, म्हणूनच आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कमी प्रमाणाचा मार्ग धरतात.

इथे नातेवाईकांची हमखास फसगत होते ती रक्तगटात. ‘ओ गटाचे कुणालाही चालते’ हे लाल पेशींबाबत खरे, प्लाझ्माबाबत नेमके उलटे. एबी गटाचा प्लाझ्मा कुणालाही चालतो, ओ गटाचा फक्त ओ गटाच्या रुग्णाला. ओ गटाचे दहा मित्र गोळा करून ए गटाच्या रुग्णासाठी रक्तकेंद्राच्या दारात उभे राहणाऱ्यांचा वेळ आणि जीव दोन्ही यात जातात. शिवाय आज दिलेले रक्त आज रात्री प्लाझ्मा म्हणून मिळेलच असे नाही. रक्त घेतल्यापासून काही तासांत घटक वेगळे करून प्लाझ्मा गोठवावा लागतो, आणि चाचण्या पूर्ण झाल्यावरच तो देता येतो.

गोठवलेली पिशवी वितळवायला ३७ अंशांच्या पाण्यात २० ते ३० मिनिटे लागतात. यंत्रात एका वेळी चार पिशव्या मावत असतील तर १५ पिशव्यांना दोन तास गेलेच. तेव्हा कॅथेटर (रक्त बाहेर घेण्याची नळी) टाकायच्या आधी रक्तकेंद्राला फोन जायला हवा. होते उलटे: लाईन टाकून, यंत्र भरून सगळे तयार, आणि प्लाझ्मा अजून बर्फात. वितळलेली पिशवी पुन्हा गोठवता येत नाही. पाणी तापवून घाई केली तर आतली प्रथिने खराब होतात. आणि पिशवी वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळली नाही तर तोंडाशी अस्वच्छ पाणी साचते.

प्रत्यक्ष सत्र तीनेक तासांचे. मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत डायलिसिसची दुहेरी नळी सोनोग्राफीखाली टाकायची, कारण आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा आकडा) चढलेल्या रुग्णात आंधळेपणाने सुई मारणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. रक्ताचा वेग मिनिटाला १०० ते १५० मिलिलिटर. वेग वाढवून किंवा गाळणीवर दाब चढवून लवकर उरकायला गेले तर लाल पेशी फुटतात आणि बाहेर पडणारा पिवळा प्लाझ्मा गुलाबी दिसू लागतो. तो रंग दिसला की थांबायचे, कारण फुटलेल्या पेशींचा भार पुन्हा मूत्रपिंडावर पडतो.

सगळ्यात जास्त घात करते ते सायट्रेट. दात्याच्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून ते घातलेले असते, आणि ते मोडण्याचे काम मुख्यतः यकृताचे, जे इथे बंद पडलेले आहे. मग सायट्रेट रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते. शुद्धीत असलेला रुग्ण ओठांना मुंग्या येतात, बोटे आकडतात असे सांगतो. बेशुद्ध रुग्ण काय सांगणार? त्याचा रक्तदाब घसरतो आणि ईसीजी बदलतो. म्हणून सत्र चालू असताना दर अर्ध्या-एक तासाने आयनाइज्ड (म्हणजे रक्तातले सुटे) कॅल्शियम पाहावे लागते, नुसते एकूण कॅल्शियम पाहून फसगत होते. एकूण कॅल्शियमला आयनाइज्डने (दोन्ही एकाच एककात घेऊन) भागल्यावर उत्तर २.५च्या वर जाऊ लागले, की सायट्रेट साचतेय असे समजायचे. कॅल्शियम ग्लुकोनेट वेगळ्या लाईनमधून द्यायचे. प्लाझ्माच्याच नळीत दिले तर नळीतच गुठळी होते. आयनाइज्ड कॅल्शियम दाखवणारी रक्तवायूची तपासणी जिथे रात्री बंद असते, तिथे हे सत्र रात्री करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी दोन गोष्टी सहज सुटतात. सकाळचे प्रतिजैविक किंवा एन-ॲसिटिलसिस्टीन (यकृताला आधार म्हणून देतात ते औषध) सत्राच्या आधी दिले तर त्यातले बरेचसे प्लाझ्माबरोबर बादलीत जाते. औषधे सत्र संपल्यावर द्यावीत किंवा मात्रा नव्याने ठरवावी. दुसरे, सत्रानंतर लगेच काढलेला आयएनआर हा दात्यांचा आयएनआर असतो, रुग्णाचा नव्हे. ‘पाचावरून दोनावर आला’ म्हणून पेढे वाटू नयेत. दुसऱ्या दिवशी सत्राआधी काय येतो, लॅक्टेट (यकृत थकले की रक्तात साचणारे आम्ल) उतरतोय का, रुग्ण हाकेला डोळे उघडतो का, यावर निर्णय करायचा.

याच कारणासाठी शोषक नळकांड्यांबद्दल जपून बोलावे लागते. डायलिसिसच्या किंवा सीआरआरटीच्या यंत्राला जोडायची ‘सायटोसॉर्ब’सारखी कार्ट्रिज किंवा प्लाझ्मा वेगळा करून दोन नळकांड्यांतून फिरवण्याची पद्धत आता आपल्या भागातही सुचवली जाते. ती निरुपयोगी नाहीत. पण ती बिलिरुबिन ओढून घेतात, आणि बिलिरुबिन हा नातेवाईकांना समजणारा एकच आकडा. ३० वरून १४ वर आले की सगळ्यांना हायसे वाटते. यकृत मात्र होते तिथेच. ऊतींमध्ये साठलेले बिलिरुबिन रक्तात परतते आणि दोन दिवसांत आकडा पुन्हा चढतो. शिवाय रेझिनवर प्लेटलेट्स आणि काही औषधेही अडकतात. खर्चाचा कागद पुढे करताना ‘यातून काय साध्य करायचे आहे आणि किती सत्रांनंतर थांबायचे’ हे रुग्णालयाने लिहून द्यावे, आणि नातेवाईकांनी ते मागावे.

मेंदूला सूज आणणारा अमोनिया मात्र लहान रेणू आहे, तो साध्या सीआरआरटीनेही निघतो. यकृताचे खास यंत्र नसलेल्या रुग्णालयानेही हातात असलेले हे साधन वेळेवर वापरावे. लघवी बंद होण्याची वाट पाहू नये. चार तासांचे नेहमीचे वेगवान डायलिसिस इथे नको, रक्तातले क्षार एकदम बदलले तर मेंदूची सूज वाढू शकते. आणि अमोनिया मोजायचा तर नमुना बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. वॉर्डात तासभर पडलेल्या नळीत अमोनिया आपोआप वाढतो आणि मग त्या खोट्या आकड्यावर उपचार होतात. बर्फाचा डबा आणि धावणारा माणूस, एवढेच यंत्र लागते याला.

आता रुग्ण. यंत्र किंवा प्लाझ्मा यांचा उपयोग होतो तो आधी धडधाकट असलेल्या माणसाचे यकृत अचानक बसते तेव्हा, किंवा जुन्या आजारावर जंतुसंसर्गासारखे काही आवरता येण्याजोगे निमित्त घडते तेव्हा. वर्षानुवर्षे दारूने आकसलेल्या यकृतासाठी, प्रत्यारोपणाची कोणतीही वाट नसताना, यंत्र चार दिवसांची उसनवारी ठरते. हे सांगायला डॉक्टर कचरतात, कचरू नये.

अचानक यकृत बसण्याची आपल्याकडची कारणे पाश्चात्त्य पुस्तकांतल्यासारखी नाहीत. तिथे पॅरासिटामॉल पहिले, इथे दूषित पाण्यातून येणारी कावीळ, क्षयरोगाची औषधे आणि उंदराची पेस्ट. २०१२ साली शेजारच्या इचलकरंजीत हिपॅटायटिस ईची मोठी साथ आली होती. बहुतेकांची ही कावीळ आपोआप बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तीच जीवघेणी ठरू शकते. अशा बाईला काविळीची माळ घालून, नाकात रस सोडून, पिवळे खाऊ नको म्हणून घरी बसवणे थांबले पाहिजे. उसाच्या जिल्ह्यात काविळीवर उसाचा रस हा ठरलेला उपाय. रसाने यकृत बिघडत नाही, पण गाड्यावरच्या बर्फाचे पाणी कुठले, हे कोण विचारतो? आणि रस पीत घालवलेले चार दिवस परत येत नाहीत. क्षयरोगाच्या गोळ्या सुरू असताना मळमळ, उलटी, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी तपासणी करून गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टरांनी ठरवायचे, ‘गोळ्या उष्ण पडतात’ म्हणून ताक पीत रेटायचे नाही.

उंदराच्या पेस्टमधला पिवळा फॉस्फरस फसवा असतो. सुरुवातीच्या उलट्या थांबतात, एक-दोन दिवस माणूस अगदी ठीक दिसतो, घरचे डिस्चार्ज मागतात, आणि मग यकृत कोसळते. अशा रुग्णाला बरे दिसत असले तरी किमान पाच दिवस दवाखान्यात ठेवून रोज आयएनआर आणि यकृताच्या तपासण्या कराव्यात. या विषावर उतारा नाही. जीव वाचल्यावर मनाच्या उपचाराचीही सोय लावून द्यावी, ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

डोळे पिवळे, आयएनआर १.५च्या वर आणि बोलण्यात किंचित घोळ, इतके जमले की प्रत्यारोपण केंद्राला फोन करायची वेळ झाली. घोळ म्हणजे दिवसा झोप आणि रात्री जाग, विनाकारण चिडणे, सही वाकडी येणे, हात पुढे पसरून पंजे वर केले की ते फडफडणे. बेशुद्धी येईपर्यंत थांबलात तर उशीर झाला. सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, साताऱ्याहून सव्वाशेच्या आत, आणि खंबाटकी घाटात वाहतूक अडली तर हिशेब घड्याळाचा उरत नाही.

निघण्याआधी काय करायचे? रुग्ण हाकेला नीट उत्तर देत नसेल तर श्वासनलिकेत नळी इथेच, शांतपणे टाकावी, घाटात नव्हे. डेक्स्ट्रोज चालू ठेवावे आणि दर तासाला साखर तपासावी, कारण या आजारात साखर गुपचूप कोसळते आणि झोपेचे वाटणारे लक्षण साखरेचे निघते. डोके ३० अंश उंच. शांत राहावा म्हणून झोपेचे इंजेक्शन देऊ नये. आणि रक्तस्राव नसेल तर ‘आयएनआर सुधारून पाठवतो’ म्हणत चार पिशव्या प्लाझ्मा देऊ नये. चारने यकृत वाचत नाही, पण प्रत्यारोपण लागेल की नाही हे ज्या आकड्यावर ठरते तो आकडाच पुसला जातो. कागदावर प्रत्येक आयएनआरपुढे दिवस आणि वेळ हवी.

सोबत जाणाऱ्यांनी पैशांइतकीच कागदांची पिशवी भरावी. जिवंत दात्याचे यकृत हाच आपल्याकडे बहुतेकदा लवकर मिळणारा मार्ग, आणि १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११च्या दुरुस्तीनंतर जवळच्या नात्यात पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे यांच्याबरोबर आजी-आजोबा आणि नातवंडेही येतात. रक्तगट जुळणारे, तब्येतीने ठीक असे दोघे तरी सोबत निघावेत. आधार, रेशनकार्ड, लग्नाचा किंवा जन्माचा दाखला, विषबाधा असेल तर एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय नोंदीची) प्रत, हे सगळे पुण्यात पोचल्यावर कुणीतरी एसटीने घेऊन येईल असे म्हणण्यात रात्र जाते. आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाला) पहिल्याच दिवशी भेटून योजनेत काय बसते ते लिहून घ्यावे.

राहिली मागणी. नवे यंत्र घेण्यासाठी निधी गोळा करण्याआधी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील रक्तकेंद्रांनी जास्तीचा प्लाझ्मा फ्रॅक्शनेशनसाठी (त्यातून अल्ब्युमिनसारखी औषधे वेगळी करण्यासाठी) पाठवताना ए, बी आणि ओ गटाच्या प्रत्येकी किमान ३० आणि एबीच्या १५ पिशव्या राखून ठेवाव्यात, आणि ई-रक्तकोष या रक्तसाठा दाखवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरचा प्लाझ्माचा आकडा रोज सकाळी खरा करावा. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचे वसंतदादा पाटील रुग्णालय आणि साताऱ्याचे शासकीय महाविद्यालय इथे प्लाझ्मा एक्स्चेंज येणारे दोन तंत्रज्ञ प्रत्येक पाळीत असावेत आणि रात्री आयनाइज्ड कॅल्शियम मिळावे. मे महिन्यात शिबिरे आटतात आणि पावसाळ्यात काविळीचे रुग्ण वाढू लागतात, तेव्हा साठ्याची पहिली मोजणी एप्रिलअखेर व्हावी.

— अतिदक्षता, डायलिसिस व रक्तकेंद्र विभागांत काम करणारे काही वाचक, मिरज (जि. सांगली)